ताम्हणातली हार्ड डिस्क

बारकूशेटच्या भातगिरणीसमोर त्या सकाळी जो जनसमुदाय लोटला होता, तो भात भरडण्यासाठी आलेला नव्हता. बाया नारळ घेऊन आल्या होत्या, बाप्ये चपला दूर काढून उभे होते आणि सर्वांची दृष्टी एका पितळी ताम्हणावर खिळलेली होती. त्या ताम्हणात हळदकुंकू वाहिलेली, झेंडूच्या माळेने वेढलेली एक हार्ड डिस्क होती. आणि ती हार्ड डिस्क बोलत होती.

"टक्. टक्. टक्."

"बोल्ली! बोल्ली गो माये!" जनाबाईने कपाळ जमिनीला टेकवले.

"शांतता!" ताम्हणापलीकडे बसलेले अक्षयनाथ महाराज गर्जले. "आत्मा लाइनीवर आला आहे. मॉनिटर म्हणजे मुख, कीबोर्ड म्हणजे दंतपंक्ती, माऊस म्हणजे साक्षात गणरायाचे वाहन! आणि हार्ड डिस्क म्हणजे चित्त. भक्तहो, तुमच्या यंत्राच्या चित्ताला कुणीतरी खाल्ले आहे!"

हे अक्षयनाथ महाराज गतवर्षापर्यंत वाशिंदला एका संगणकाच्या दुकानात गल्ल्यामागे उभे असत, आणि तेव्हा त्यांचे नाव नुसते अक्षय होते. दुकान बंद पडले आणि महाराजांना साक्षात्कार झाला. असे साक्षात्कार बेकारीतच का होतात, हा प्रश्न आमच्या गावात कुणालाही पडला नाही, याचा मला त्या दिवशी अतिशय संताप आला.

या तमाशामागची हकीकत अशी. सन २००९ साली आमच्या गावच्या वनहक्क समितीला एका संस्थेने जुना संगणक भेट दिला. धसईच्या रस्त्याकडेचे आमचे गाव आणि डोंगरावरची वरची वाडी, या दोहोंतील कुटुंबांचे वनजमिनीचे दावे त्यात लिहून ठेवायचे होते. कोणाचा बाप कोणत्या ओहोळापर्यंत नाचणी पेरीत असे, कोणत्या उंबरापाशी कोणाची हद्द, हे म्हातारी माणसे सांगत आणि समितीचा सदस्य या नात्याने मी एका बोटाने टंकन करीत असे. गावात वीज दिवसभर जाई. जनरेटर फक्त बारकूशेटच्या गिरणीत. म्हणून संगणक गिरणीच्या लाकडी माळ्यावर ठेवला. तेथे पूर्वी बियाण्याचे भात ठेवीत. बियाण्याची जागा ती पवित्र, सबब यंत्रासही तीच शोभते, असे सर्वानुमते ठरले.

वर्षभरात तीन हार्ड डिस्का मेल्या. प्रत्येक वेळी बाजाराचा दिवस, आणि प्रत्येक वेळी माझ्यासमोर बसून सांगणारी हिरी. वरच्या वाडीतील या बाईस वाडीची प्रत्येक हद्द मुखोद्गत होती, म्हणून वाडीने तिलाच पाठविले होते. लखमा आजाची साक्ष पहिल्याच डिस्केत गेली, आणि पुन्हा सांगण्यास तो आषाढानंतर राहिला नाही. मग कुजबुज सुरू झाली: आधी लखमाला खाल्ले, आता यंत्राला खाते. हिरी भुताळी आहे.

भुताळी! हा शब्द ज्या बाईला एकदा चिकटला, तिच्या हातचे पाणी कोणी पीत नाही, तिच्या दारावर दगड पडतात. बारकूशेटने वाशिंदहून महाराजांना आणले, आणि ठरले असे की डिस्केने हिरीचे नाव घेतले तर तिने लेकीला घेऊन दिवस मावळण्याच्या आत वाडी सोडायची. हिरी गिरणीच्या दाराशी उभी होती. तिची बारकी लेक तिच्या लुगड्याचा पदर धरून होती.

महाराजांनी मोरचेल फिरविले. "बोल, चित्ता! तुला सावळीने खाल्ले काय?"

डिस्क गप्प.

"हौसाने खाल्ले काय?"

गप्प.

महाराजांनी डोळे पांढरे केले. "हिरीने खाल्ले काय?"

"टक्. टक्. टक्."

"हाकला तिला!" कोणीतरी ओरडले. एक दगड दाराच्या चौकटीवर आपटला. "जाते का नाय गो? का पोरीसकट नेऊन सोडू?"

"मी काय केलंय रे?" हिरी म्हणाली. "तुमचंच सांगाया आलते ना मी? तुझ्या बापाची हद कोन सांगत होता, तू?"

एवढ्यात आश्रमशाळेच्या विज्ञानशिक्षिका दिपिकाबाई गर्दीतून पुढे आल्या. मीच त्यांना बोलावणे पाठविले होते. त्या ताम्हणाजवळ उकिडव्या बसल्या आणि तेथून तांबड्या कापडाखाली गेलेल्या वायरी पाहू लागल्या.

"महाराज, या वायरी कशाला?"

"यंत्राचा प्राण वीज आहे, बाई. विज्ञान शिकविता ना?"

"शिकविते. आणि कापडाखाली काय आहे?"

"देह! यंत्राचा देह झाकलेलाच हवा. अपवित्र स्पर्श नको." महाराज घाईने सरसावले, आणि त्या गडबडीत कापड सरकले. जमिनीवर ठेवलेल्या संगणकाच्या पेटीपर्यंत महाराजांचा उजवा पाय लांब पसरलेला सर्वांना दिसला.

सर्वप्रथम ओरडली ती जनाबाई. "आगो बया! देवाकडं पाय करून बसलाय गो ह्यो!"

तुम्ही आमच्या माणसांना शंभर वेळा फसवू शकाल. परंतु हळदकुंकू वाहिलेल्या ताम्हणाकडे पाय पसरून बसलात, तर क्षमा नाही. बारकूशेटसुद्धा लाल झाला. "महाराज, मांडी घाला. आमच्या गावात असं नाय चालत."

"गुडघा दुखतो, शेट..."

"तरी घाला!"

महाराजांनी मांडी घातली. दिपिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "आता विचारा तुमच्या चित्ताला. कुणाचंही नाव घ्या."

महाराजांनी विचारले. हिरीचे नाव घेतले, दरडावले, विनविले. डिस्क दगडासारखी गप्प. मग बाईंनी स्वतः पेटीच्या पुढील बटणावर बोट ठेवले. "हार्ड डिस्क, मला सांग. हा माणूस लबाड आहे काय?"

"टक्. टक्. टक्."

प्रथम एक बाई हसली, मग सगळे अंगण हसले. बाईंनी समजावून सांगितले. डिस्केच्या आत एक थाळी गरगर फिरते आणि तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर एक सुई तरंगते. डिस्क बिघडली की सुई आपली जागा शोधते, ती सापडत नाही, मग मागे आपटते, पुन्हा शोधते आणि अखेरीस थकून थांबते. वीज दिली की टकटक, वीज काढली की शांत. पायाचा अंगठा पेटीच्या बटणावर दाबून धरला की यंत्र बंद, पुन्हा टोचला की सुरू. दुकानात उभे राहून महाराज एवढे मात्र नीट शिकले होते.

महाराजांनी आपली पडशी उचलली. कोणी अडविले नाही, कोणी पायाही पडले नाही.

"पन बाई," बारकूशेट अडला होता, "डिस्का मेल्या त्या तर खऱ्या ना? आनी बाजाराच्याच दिवशी? ही बाई आली की मगच?"

"परात आहे का शेट?"

बाईंनी माळ्यावर, संगणकाच्याच जागी, परात काठोकाठ पाण्याने भरून ठेवविली. "आता गिरणी सुरू करा." पट्टा चढला, मोटार घरघरली. माळ्यावरचा दिवा क्षणभर मंदावला, आणि परातीतल्या पाण्यावर बारीक काटा फुलला. पाणी थरथरत राहिले, काठावरून सांडू लागले. शिडीवर चढून जो तो पाहून आला.

"इतर दिवशी गिरणी कधी लावता?" बाईंनी विचारले.

"तिनीसांजला."

"आणि बाजारच्या दिवशी?"

बारकूशेट थबकला. "सकाळधरनं. वरच्या वाडीची मान्सं भात भरडून बाजाराला जातात ना."

इतर दिवशी गिरणी लागे तेव्हा संगणक बंद असे. बंद यंत्राची सुई बाजूला विसावलेली असते. बाजाराच्या दिवशी मात्र वर थाळी फिरत होती आणि खाली मोटार हादरे देत होती. वाडीची माणसे भात घेऊन येत, त्यांच्याबरोबर हिरी येई. डिस्का हिरीने नव्हे, आमच्या पवित्र माळ्याने मारल्या!

"बरोबर हाय," बारकूशेट मान हलवीत म्हणाला. "तरी पन एकदा खात्री करू. यंत्र शाळेत नेऊ, आनी हिरीला तिथं हात लावून बसवू. टिकलं तर ती चांगली."

आणि गर्दीने मान डोलविली. हो, परीक्षा होऊ द्या!

हिरीने लेकीला कडेवर घेतले. "मी नाय बसनार. गिरणीनं मारलं नं? मग परीक्षा गिरणीची घ्या. पानी हाललं ते समद्यांनी बघितलं. माजी कसली परीक्षा? आनी आज त्या खोक्यानं ताम्हनात टकटक केलीच, नि बाई आल्या नसत्या, तर ह्या टायमाला मी पोरीला घेऊन कुठं असते रे?"

परीक्षेची गोष्ट तेथेच राहिली, आणि हिरी लेकीला घेऊन आपल्या वाडीची वाट चढू लागली.

सुज्ञ वाचकहो, संगणक आता शाळेच्या फरशीवर आहे आणि प्रत्येक साक्षीची प्रत त्याच दिवशी सीडीवर काढून दुसऱ्या घरी ठेवली जाते. लखमा आजाची साक्ष मात्र कोणत्याही मंत्राने परत येणार नाही. माझी विनंती साधी आहे. वस्तू बिघडली तर प्रथम वस्तू उघडा. ती कोठे ठेवली, केव्हा चालविली, शेजारी काय चालू होते, हे पाहा. हे न पाहता ज्यांना प्रथम एखादी बाई दिसते, त्यांच्या डोळ्यांना दोष आहे, आणि तो दोष बाईच्या अंगात शोधू नये.