दुसरी बशी

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. प्रयोगशाळेत तिने एका झुडपाच्या मुळातलं अल्कलॉइड प्रकारचं रसायन वेगळं काढलं आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकलं. पेशी मेल्या. तिने घरी हे हौसेने सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत मामाच्या औषधांच्या दुकानात त्या मुळाचा काढा विकायला आला. बाटलीवर छापलं होतं, 'कॅन्सरवर प्रयोगशाळेत सिद्ध'.

ती तडक दुकानात गेली.

"खोटं काय आहे त्यात? पेशी मेल्या ना?" मामा म्हणाला.

"मेल्या. पण दुसऱ्या बशीतल्या निरोगी पेशीही मेल्या. फिनेल ओतलं तरी मरतात. उद्या फिनेल पाजशील का लोकांना?"

"मामाच्याच पोटावर पाय देतेस? आईला फोन लावू?"

"लाव. तिलाही हेच सांगेन."

मामाने फोन लावला. आई पलीकडून बराच वेळ बोलली. मामाचा चेहरा पडला, पण बाटल्या काही हलल्या नाहीत. तेव्हा धाकटी स्टूल ओढून दारातच ठाण मांडून बसली. काढा मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ती दोन्ही बश्यांबद्दल सांगू लागली. डॉक्टरांची औषधं सोडू नका, असंही बजावत होती. एका बाईने तिच्याशी हुज्जत घालून बाटली घेतलीच. बाकीचे हात हलवत परतले.

संध्याकाळी मामाने उरलेल्या बाटल्या खोक्यात भरल्या.

"पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस," तो म्हणाला.

"बाटल्या दिसल्या तर येणारच," ती म्हणाली, आणि खोकं उचलून बाहेर पडली.