कलमाचा जोड

रामाकोन्याचे रघुनाथराव त्या वर्षी दिवाळीआधी एका जागी बसले नाहीत. मागच्या अंगणातल्या जपानी फळाच्या, म्हणजे पर्सिमनच्या, झाडाला सहा वर्षांनी पहिल्यांदा नऊ फळं टिकली होती, आणि लेक स्मिता माहेरी येणार होती.

झाड तिनंच दिलेलं. जावई फौजेत; १९८० साली त्यांची नेमणूक हिमाचलात पालमपूरला होती. तिथून तिनं मुळाला ओलं शेवाळ बांधून ते कलम आणलं होतं. रघुनाथरावांनी आयुष्यभर जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपांवर संत्र्याचे डोळे भरून कलमं केली होती. सौंसरपर्यंतचे लोक त्यांच्या हातचं कलम मागून नेत. त्यांनी लेकीला पत्र टाकलं होतं, ‘यंदा आपल्या घरचं फळ तुला खाऊ घालतो.’

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. पहिल्याच जेठात कलम वाळून नुसती काडी उरली होती. पुढे मृगात मातीतून नवा फोक निघाला. तो जोडाच्या वरून फुटला की खालच्या रानटी खुंटातून, हे बघायला माती उकरावी लागली असती. त्यांनी उकरली नाही. मग मोरीच्या पाण्याचा गाळ साचत गेला आणि जोड पार बुजला. संत्र्याच्या बागेत खालचा फोक वाढू दिला तर झाडाला आंबट जंबेरीच लागते, हे ते मजुरांना दरवर्षी बजावत असत.

आश्विनात फळांवर केशरी रंग चढला तशा त्यांच्या फेऱ्या वाढल्या. चहाआधी एक, चहानंतर एक, बागेतून आल्यावर चपला न काढता एक.

“मोजून राहिले का?” त्यांच्या पत्नी जयवंताबाईंनी विचारलं. “नऊच हायेत. कालबी नऊच होते.”

“रंग पाहून राहिलो.”

“तुमच्या पाहण्यानंच उडन तो.”

शेवटी राहवलं नाही. सगळ्यांत रंगलेलं फळ त्यांनी तोडलं, धोतराला पुसलं आणि चावलं. फळ कडक होतं. क्षणभर काहीच वाटलं नाही. मग जीभ जड झाली, टाळू खरखरीत झाली, गाल आतून आवळले. ही चव त्यांच्या ओळखीची होती. रानातलं कच्चं टेंभरू असंच लागतं. त्यांनी तीनदा चूळ भरली.

संत्रं रंगलं की तयार. तोडल्यावर त्यात गोडी भरत नाही. म्हणजे हे जसं लागलं तसंच ते आहे. सहा वर्षं आपण खुंट पोसला.

“पोरगी येऊ द्या,” जयवंताबाई म्हणाल्या. “तिले विचारा.”

“काय विचारू? तुह्या बापानं कलम मारलं अन् टेंभरू वाढवलं, असं?”

“मंग राहू द्या. सावली तं देते.”

“अन् शेजारच्या यशवंतरावले म्या चाखायले बलावून ठेवलं, त्याचं काय?”

दोन दिवस ते कुऱ्हाड उचलत आणि परत भिंतीला टेकवत. तिसऱ्या दिवशी जयवंताबाई सौंसरच्या बाजाराला गेल्या, तेव्हा त्यांनी झाड पाडलं. जमिनीच्या वर वीतभर बुंधा उरला. आठ फळं टोपलीत घालून कोठीच्या खोलीत सारली. तरी चैन पडेना. दुसऱ्या दिवशीही चहाआधी पाय मागच्या अंगणाकडेच वळले.

दहा दिवसांनी, धनतेरसला, नागपूरच्या बसनं स्मिता आली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती मागे गेली.

“बाबा, झाड?”

“वाळलं.”

“खोटं बोलून राहिले,” जयवंताबाईंनी टोपली पुढे केली. “तोडलं तुह्या बापानं.”

फळं लिबलिबीत झाली होती. सालीखाली पाणी भरल्यासारखी दिसत होती.

“सडले,” रघुनाथराव म्हणाले.

“सडले नाहीत, आता पिकले. कडक होतं तेव्हाच खाल्लं का तुम्ही?” स्मिता हसायलाच लागली. “म्यापण पहिल्यांदा थुंकलं होतं, बाबा. आठ-दहा दिवस ठेवा लागते.”

“तं सांगितलं काहून नाही?”

“काय सांगू? कलम आणलं तेव्हा तुम्हीच म्हणाले, फळझाडाचं मले नको शिकवू.”

तिनं चमच्यानं गर काढून दिला. आवळणारं काही उरलंच नव्हतं. नुसता गोड, थंड गर. रघुनाथरावांनी एक फळ संपवलं आणि दुसरं उचललं. तेही संपवून ते उठले.

“आता कुठं चालले?” जयवंताबाईंनी विचारलं.

ते मागच्या अंगणात गेले. फळ खरं, म्हणजे फोक जोडाच्या वरूनच फुटला होता. म्हणजे उरलेला वीतभर बुंधाही खराच. त्यांनी मोरचूद आणि चुना कालवला आणि कापलेल्या तोंडावर जाड लेप दिला. स्मिता शेजारी उकिडवी बसली, तेव्हा त्यांनी तिला पहिल्या जेठातली गोष्ट सांगितली, लेपाकडे बघत.

“दुसरं कलम पाठवू का?” तिनं विचारलं.

“पाठव. पण हेबी फुटन. तीन-चार वर्षं लागतीन. या खेपेले तू आल्याबिगर चाखत नाही.”

“तोवर कुऱ्हाड माह्या भावाच्या घरी राहील,” जयवंताबाई दारातून म्हणाल्या.

रघुनाथराव हसले नाहीत. बुंध्याच्या सालीवरून बोट फिरवत त्यांनी स्मिताला विचारलं, “तिकडं पालमपूरले याले कोणत्या महिन्यात डोळे फुटते?”