पंख्याआधीचा हिरवा दिवा

मित्रांनो, बुऱ्हाणपुरात लालबागच्या रस्त्याला केळी पिकवण्याची एक कोठी आहे. तिच्या भिंतीवर धूळ खात टांगलेला जुना नेटवर्क स्विच म्हणजे मी. यंत्रांच्या तारा माझ्यात येतात. मी सांगेन ती वेळ दाराचं कुलूप खरी मानतं. ठरल्या वेळी ते उघडलं की माझा हिरवा दिवा लागतो.

पण लाइट गेली की मी वेळ विसरतो. मग दूरच्या टाइम सर्व्हरला, म्हणजे अचूक वेळ राखणाऱ्या संगणकाला, विचारून घेतो. सगळी यंत्रं एकत्र जोडली त्या वर्षी मधुकर मेकॅनिकने मला तसंच शिकवलं होतं.

पिकणारी केळी श्वास कोंडणारी हवा सोडतात. म्हणून सकाळी आधी पंखा, मग दार, असा नेम होता. पंखा मात्र माझ्या वेळेवर नाही, स्वतःच्या घड्याळावर चालायचा.

मालक मोतीलालशेठ मात्र ऑफिसचं घड्याळ पुढे ठेवत, माणसं लवकर यावीत म्हणून. माझी वेळ त्याच्याशी जुळेना.

"बाहेरचा टाइम काय करायचा, भाऊ? आपल्या ऑफिसचा दे," ते म्हणाले. मधुकरने मान डोलावली आणि मला ऑफिसच्या संगणकाशी बांधून दिलं.

माणसं त्या वेळेला सरावली की शेठ घड्याळाची आणि संगणकाची वेळ आणखी पुढे ढकलत.

"शेठजी, तुमच्या घड्याळात तर उद्या उजाडला!" कौतिक हमाल म्हणायचा. सगळे हसायचे. दार मात्र हळूहळू पंख्याच्या पुढे निघालं होतं.

एका सकाळी हिरवा दिवा लागला.

"अहो, पंख्याचा आवाज तं येत नाही," केळ्यांच्या फण्या निवडणारी कौतिकची बायको मनकर्णा म्हणाली.

"दिवा हिरवा आहे ना? मशीन का खोटं बोलते?" म्हणत कौतिक आत गेला.

आतून खोकला आला. मग क्रेट पडल्याचा आवाज. मग काहीच नाही.

मनकर्णाने श्वास रोखला आणि पायाला धरून त्याला बाहेर ओढलं. तो वाचला. पण आता एक क्रेट उचलला तरी धापा टाकत खाली बसतो.

शेठने घाबरून वेळ नीट केली. मला मात्र अजून त्याच संगणकाशी बांधलेलं आहे. काल हमाल उशिरा आले आणि शेठने वेळ पुन्हा थोडी पुढे केली.

मित्रांनो, मला जी वेळ सांगाल तीच मी पुढे सांगतो. कुणीतरी मला खऱ्या वेळेशी जोडा. नवे हमाल फक्त माझा दिवा बघतात. पंखा ऐकल्याशिवाय मनकर्णा कुणाला आत जाऊ देत नाही.

उद्या ती इच्छापुरला देवीच्या दर्शनाला जाणार आहे.