बारा आणि पाच

घरकामापायी सुटलेली शाळा शिवकन्येने अठराव्या वर्षी पुन्हा धरली होती. सतरा नंबरचा फॉर्म भरून मार्चमध्ये बाहेरून दहावीला बसायचं होतं. आणि नेमके संक्रांत झाल्या झाल्या हसनाबादेत पाहुणे हजर, तेही लग्नाची फाल्गुनातली तारीख डोक्यात घेऊन. होकार आला की पुस्तकं माळ्यावर जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पोहे झाले. मुलाचे मामा कारभारी म्हणजे भारी चौकस. रिवाजाप्रमाणे त्यांनी कागद पुढे सरकवला. "पोरी, चार अक्षरं लिहून दाव."

बाकीच्या मुली आपलं नाव लिहितात. शिवकन्येने लिहिलं: x² + 5x + 12.

"याचे अवयव पाडायचेत. असे दोन आकडे पायजेत, गुणाकार बारा अन् बेरीज पाच. मार्चमधी पेपर हाय, अन् मला जमूनच न्हाई राह्यलं. पाव्हण्यांना गणितात फस्क्लास हाय म्हणे."

तिच्या आईने, द्वारकाबाईंनी, कपाळाला हात लावला. नवरा मुलगा संपत अंकुशनगरला साखर कारखान्यात नोकरीला. त्याने ऐटीत पेन उघडलं. तीन-चार घेतले तर बेरीज सात. दोन-सहाची आठ. दोन अन् तीन पाच होतात, पण गुणाकार सहाच! मामांनी बोटं मोजली, मग बशीतले शेंगदाणे मांडून पाहिले. असे आकडे नव्हतेच, आणि ते एकट्या शिवकन्येला माहीत होतं. शेवटी बस चुकेल म्हणून मंडळी उठली.

कागद खिशात घालत संपत म्हणाला, "मामा, हे सुटल्याबिगर निरोप धाडायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

फाल्गुन सरत आला. विचारायला गेलेल्या प्रत्येकाला मामा एकच सांगत, "पोरगं अजून गणितच करून राह्यलंय!" शिवकन्येचे वडील पुंजाराम वैतागले. "काय येडं पोरगं हाय!" शिवकन्येने तेवढ्यात सगळे पेपर देऊन टाकले. बिचाऱ्याला फारच फसवलं, असं मात्र तिला अधूनमधून वाटायचं.

शेवटच्या पेपरानंतर चौथ्या दिवशी कार्ड आलं.

"याचे अवयव पडत नाहीत. मला त्या दिवशी बसमध्येच कळलं होतं. पण मामा घाईचे, अन् तुमचे पेपर मार्चात. आता हे पाडा: x² + 7x + 12. उत्तर कळवा. – संपत"

तीन आणि चार. शिवकन्येला एका नजरेत दिसलं, आणि तिचे कान तापले.

"काय म्हंतो पाव्हणा?" पुंजारामांनी विचारलं. "काय कळवू?"

"थांबा आबा," ती पेन शोधत म्हणाली. "गणित हाय. मला जरा वेळ लागंल."