कोरा दिवस

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिने पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म नवऱ्याकडे सरकवला. सही केलेली नव्हती.

आठच्या आत तिघांच्या सह्यांचा फॉर्म गेला नाही, तर भूमध्य समुद्रातल्या सहलीसाठी भाड्याने ठरवलेली शिडाची बोट कप्तानासकट दुसऱ्या कुटुंबाला जाणार होती. त्याची सही होती, लेकीची होती.

"अगं, आता काय राहिलं?"

"हे राहिलं." तिने फॉर्मला टाचलेल्या, त्याने पेन्सिलीने लिहिलेल्या वेळापत्रकावर बोट ठेवलं. सात दिवस, नऊ बेटं. बोट सुटणार ६:४२. पोहणं १०:०८ ते १०:५३.

बस डेपोत चौतीस वर्षं त्याने वेळापत्रकं बसवली होती. सगळे त्याला मिनिटमास्तर म्हणत. पावणेसात सांगितलं की ड्रायव्हर सातला उगवतो, ६:४२ सांगितलं की ६:४०ला हजर, हा त्याचा अनुभव होता.

"मागच्या सहलीत धबधब्यापाशी अकरा मिनिटं दिलीत मला," ती म्हणाली. "मोजून. या वेळी एक अख्खा दिवस कोरा हवा. नाहीतर जा तुम्ही दोघं, मी घरी पाय पसरून बसते."

"बाबा, आई चेष्टा करत नाहीये हं," लेक फोनमधून डोकं न काढता म्हणाली.

त्याने चष्मा पुसला, कागद वरून खाली पाहिला आणि सातवा दिवस निवडला. शेवटची गाडी रद्द केली तर मागे कुणी खोळंबत नाही. दोन बेटं रबराने खोडली, भुगा फुंकला आणि पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.

तिने वाचलं. 'कोरा वेळ : ६:०० ते १८:००.'

"अहो!"

"मग सुरू कधी व्हायचं ते कळायला नको?"

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या हातातलं रबर घेऊन तिने ती ओळ स्वतः खोडली आणि झोकात सही केली. सात एकतीसला लेकीने सगळं पाठवलं.

सात अठ्ठावन्नला उत्तर आलं. लेकीने ते मोठ्याने सांगितलं. बोट पक्की. असं वेळापत्रक कप्तानाने जन्मात पाहिलं नव्हतं, त्याने ते बोटीच्या भिंतीवर लावलं होतं. एकच विनंती होती. पाहुण्यांना आधी समुद्राची सवय व्हावी, म्हणून तो कोरा दिवस पहिला घेता येईल का? वारा नेईल तिकडे जाऊ.

मिनिटमास्तर कागदाकडे बघत राहिला. पहिल्या दिवशी कुठे पोचणार हेच ठरलेलं नसेल, तर दुसऱ्या दिवशीचं ६:४२ लिहायचं कुठल्या बेटावरून?

"काय कळवू, बाबा?"

बायकोने रबर तेवढं त्याच्यापुढे ठेवलं.

आठ वीसपर्यंत उत्तर गेलेलं नव्हतं. रबर त्याच्या हातात होतं.