बटणताईची रोजची गोळी

मित्रांनो, शिलाईच्या कारखान्यात पाण्याच्या पिंपाशेजारी टांगलेला औषधांचा पत्र्याचा डबा म्हणजे मी. आता जुना झालोय. झाकण नीट लागत नाही, रंगही उडालाय.

नवा होतो तेव्हा माझ्यात कापूस, पट्ट्या, मलम असं बरंच काही असे. बोटात सुई घुसली की सगळे माझ्याकडे धावत. पुढे मात्र दुखण्याच्या गोळ्यांसाठीच मला उघडू लागले. "आमच्याकडे बायका रजा घेत नाहीत," असं मालक पाहुण्यांना सांगत आणि माझ्यावर थाप मारत. मला कोण अभिमान वाटे!

काजं-बटणं करणाऱ्या बाईला सगळ्या बटणताई म्हणत. बिनपाठीच्या स्टुलावर वाकून तिची कंबर धरायची. आली की आधी गोळी, मग मशीन. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल हवं होतं, पण होत नव्हतं. शेवटी तिथेच कामाला असलेली तिची नणंद तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"रोज कुठलं औषध घेता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही," बटणताई पाणी पिता पिता बायकांना सांगत होती.

"मग मीच म्हटलं, वहिनी, त्या डब्यातल्या गोळ्या काय लिमलेटच्या आहेत?" नणंद म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "अशा काही गोळ्या सतत घेतल्या तर हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ होऊ शकते, स्त्रीबीज बाहेर पडायला अडथळा येऊ शकतो. तुमचं कारण हेच असेल असं नाही. तपासण्या करू, पण रोजची गोळी थांबवा. थांबवल्यावर बहुतेकींचं पूर्ववत होतं."

मी हादरलो. बटणताईनं गोळी सोडली, पण दुखणं कुठे सोडतंय? दुपारपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक पडे. तिनं सुपरवायझरकडे पाठ टेकायची खुर्ची मागितली.

"गोळ्या फुकट ठेवल्यात ना? मग खुर्ची कशाला?"

"साहेब, कंबर माझी आहे, पोटही माझंच आहे," ती म्हणाली आणि स्टुलावर न बसता उभीच राहिली. नणंद उठली. मग एकेक मशीन थांबत गेलं. शेवटी मालकांना नमावं लागलं, खुर्च्या आल्या.

बटणताईला मूल झालं का? अजून नाही. तपासण्या चालू आहेत. कुणी विचारलं की ती "बघू" म्हणते आणि मान खाली घालते. गोळीनं बिघडलं की आणखी कशानं, हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. तेच मला आतून खातं.

मित्रांनो, घरात आई, मावशी, ताई, कुणीही रोज गोळी गिळत असेल तर पाण्याचा पेला देताना विचारा, "कुठे दुखतंय गं? डॉक्टरांना दाखवलंस?" ती "काही नाही" म्हणेल. तरी तिथून हलू नका.