हिरालालचं धनुष्य

"पट्टी हलवू नका, वयनी," असं म्हणून हिरालालभाऊंनी दोरी आणखी चार बोटं खाली ओढली.

लाकूड करकरलं आणि मी डोळेच मिटून घेतले. आता डोळे मिटून कुणी माप घेतं का? पण दाराच्या चौकटीला आडवं अडकवलेलं ते धनुष्य माझ्या कपाळापासून हातभर अंतरावर होतं, आणि ते करणारा माणूस तुटणारी धनुष्यं करण्यासाठीच प्रसिद्ध होता.

खरं तर पट्टी धरायचं काम त्यांच्या बायकोचं. पण सिंधुताईंना ते बघवत नव्हतं, म्हणून त्या स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. स्मृति नगरात आमची भिंतीला भिंत लागून घरं. म्हणून ही पीडा माझ्या गळ्यात पडली.

हिरालालभाऊ इथल्या पोलादाच्या प्लांटात सुतार होते, आता निवृत्त. आमच्या मराठी मंडळात दसऱ्याच्या सुमारास स्वयंवराचा प्रवेश होतो. मी विंगेत उभी राहून विसरभोळ्यांना वाक्यं पुरवते आणि धनुष्य हिरालालभाऊंचं असतं. बांबूला करवतीने अर्ध्याहून खोल काप द्यायचा, कापात मेण आणि भुसा दाबून भरायचा, वरून काळा ऑइलपेंट मारायचा. उचलताना टिकतं, दोरी चढवताना टिकतं, आणि रामाने ओढलं की असं कडाडतं की मांडीवरची पोरं दचकून रडायला लागतात. वीसेक वर्षं हेच चाललंय. कुणाची ठरलेली सोयरीक मोडली किंवा स्कूटर भर रस्त्यात बंद पडली, की आमच्यात म्हणतात, हिरालालचं धनुष्य निघालं हो.

यंदा त्यांच्या दामिनीला न तुटणारं हवं होतं.

दामिनी तिरंदाजी करते, साध्या लाकडी धनुष्याची. दिवसभर कुम्हारीच्या कारखान्यात उभ्याने पॅकिंगचं काम, तिथून तशीच सरावाला. ज्या मैत्रिणीचं धनुष्य ती वापरायची, तिने ते ऐनवेळी परत नेलं. रविवारी सकाळी दुर्गला राज्याच्या संघाची निवड होती आणि नवं मागवलं तर ते निवड उलटून गेल्यावर आलं असतं. आपलं वय होत आलं, यंदा नाही तर मग नाहीच, हे ती हसत सांगायची, पण ते हसू काही खरं नव्हतं. शेवटी तिने बापाकडे मागितलं.

बापाने माळ्यावरून आपल्या वडिलांची कावड काढली. पाणी वाहायची, धामणीच्या लाकडाची. धामण म्हणजे साप नव्हे, झाड. त्याचं लाकूड वाकतं पण मोडत नाही, असं गावाकडे म्हणत. पहिल्या दिवशी भाऊंनी त्याला ग्राइंडर लावला तेव्हा लाकूड जास्त खाईल म्हणून दामिनीने सरळ प्लग काढून टाकला. मग रंधा झाला, कानस झाली, आणि शेवटी हातात राहिला फुटलेल्या बाटलीच्या काचेचा तुकडा. दोरी ओढून बघायचं, जी बाजू कमी वाकते ती काचेने खरवडायची, पुन्हा ओढायचं. एक हात जास्त पडला तर सगळं मुसळ केरात. मी पट्टी धरून नवस बोलत होते, खोटं कशाला सांगू.

शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही बाजू सारख्या वाकल्या. भाऊंनी सवयीने काळा डबा उघडला. दामिनीने झाकण लावलं. रंगाखाली काय आहे ते दिसत नाही, मला लाकूड दिसत राहिलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. मग सिंधुताईंनी जवसाचं तेल कोमट करून दिलं आणि दामिनीने ते तळहाताने चोळलं. लाकूड असं मधासारखं उजळलं की सिंधुताईसुद्धा भांडी सोडून बाहेर आल्या.

शनिवारी सकाळी ते उन्हात ठेवलं होतं. सिंधुताईंनी मला हाक मारली तेव्हाच मी समजले, काहीतरी बिनसलं. मुठीच्या जरा वर केसाएवढी रेघ होती आणि पुसलं तरी तिथून तेल पुन्हा पाझरत होतं. त्यांची पीठ मळायची काथवट चिरायच्या आधी असंच तेल सोडत होती, त्या म्हणाल्या.

भाऊंनी चष्मा कपाळावर नेला, धनुष्य डोळ्याशी धरलं. मग त्यांचा हात आपसूक मेणाच्या डबीकडे गेला आणि मध्येच थांबला. त्या हाताकडे बघवेना.

दामिनी म्हणाली, तिथे दोरा गुंडाळून फेविकॉल लावू, मी सांभाळून ओढीन. तिरंदाज सांभाळून ओढतो का कधी? दोरी गालापर्यंत आणायची तर पुरती आणावी लागते, आणि लाकूड फुटलं तर ते डोळ्यासमोरच फुटतं.

"रिस्क तो लेना पडेगा ना, बाबा. मी असंच घेऊन जाईन."

"नाई नेनार."

"कावून? हाताने केलं ना तुमी? भरोसा नाई का?"

भाऊंनी मेणाची डबी दूर सारली. मग म्हणाले, "इतके वर्ष मी फट झाकून झाकून टाळ्या घेतल्या, बाई. तुह्या गालापाशी नाई झाकनार."

ती आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं, ते जास्त लागलं.

पोरगी उद्या पहाटे ते उचलून जाईल ही भीती त्यांच्या मनातून जाईना. त्याच संध्याकाळच्या नाटकासाठीचं धनुष्य तर या गडबडीत केलंच नव्हतं. त्यांनी दोन्ही गोष्टी एका फटक्यात मिटवल्या. तेलावर रंग बसत नाही, म्हणून धामणीला सोनेरी कागद गुंडाळला आणि मंडळात नेऊन दिलं. काप दिला का, मी विचारलं. गरज नाही, फट आहे तिथूनच मोडेल, ते म्हणाले. तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

संध्याकाळी हॉल भरला होता. दामिनी आईबरोबर मागे बसली होती, सकाळपासून बापाशी एक शब्द बोलली नव्हती. राम होता भूषण, बँकेतला, चांगला धिप्पाड. त्याने धनुष्य उचललं, दोरी चढवली, ओढली.

काही झालं नाही.

ढोलकीवाल्याने ठरल्याप्रमाणे थाप मारून दिली होती, त्यामुळे हशा पिकला. भूषणने पुन्हा ओढलं, कानाच्या मागपर्यंत. धनुष्य गोल वाकलं आणि सोडल्यावर निमूट सरळ झालं. तो माझ्याकडे बघू लागला. मी काय वाक्य देणार? पोथीत राम धनुष्य तोडतो, पुढे काही नाही. त्याने गुडघ्यावर घेतलं. तरी नाही. लोक पोट धरून हसत होते. कुणीतरी ओरडलं, काका, यंदा सिमेंट भरलं का?

माझ्या शेजारी विंगेत भाऊ उभे होते. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता आणि ओठांतल्या ओठांत म्हणत होते, "नको तोडू. भूषण, नको तोडू रे, बापा."

मी तेच भूषणला मोठ्याने सांगणार होते. पण घामाघूम भूषणने धनुष्य सिंहासनाच्या पायरीला तिरकं टेकवलं आणि सगळ्या अंगाचा भार टाकून त्यावर पाय दिला. असा आवाज त्या हॉलमध्ये कधी झाला नव्हता. टाळ्या थांबेचनात.

पडदा पडला तशी दामिनी मागच्या दाराने आत आली. तिने दोन्ही तुकडे उचलले, दिव्याखाली नेले आणि नखाने सोनेरी कागद फाडला. मुठीच्या वरची ती रेघ होती तशी होती. धनुष्य मोडलं होतं ते तिच्या वीतभर खाली, जिथे पायरीची कड लागली तिथे. भाऊंनी रेघेवरून अंगठा फिरवला. कावड टांगायची दोरी घासून घासून पडलेली खाच होती ती, नुसती वरवरची. तिच्यात मुरलेलं तेल तेवढं उन्हाने बाहेर येत होतं.

भूषण मुकुट काढत आला. "काका, यंदाचं काय मस्त तुटलं!" तो म्हणाला.

"तुटलं नाई," दामिनी म्हणाली. "तुमी तोडलं."

मग ती बापाकडे वळली. मला वाटलं, आता ही बोलणार आणि भाऊ तिथेच बसणार. तिचे डोळे भरून आले होते.

"तुटलं नाई, बाबा," ती पुन्हा म्हणाली, पण यावेळी हळू. भाऊंनी तिच्या हातातला एक तुकडा घेतला.

रविवारी दुर्गला निवड सुरू झाली असेल त्या वेळी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले. पलीकडे ओट्यावर भाऊ बसले होते. त्यांनी सगळा सोनेरी कागद काचेने खरवडून काढला होता आणि मांडीवरच्या तुकड्याला जवसाचं तेल चोळत होते. दुसरा तुकडा दामिनीकडे होता. ती तुटलेल्या टोकापाशी आली की थांबायची आणि पुन्हा मुठीपासून सुरू करायची. सिंधुताईंनी चहाचे कप आवाज न करता दोघांच्या मध्ये ठेवले.